परतीच्या ऑटोत

गेल्या नाताळात आम्ही दोन्ही मुलांना एका नाटकाला नेलं आणि नाटक पार फसलं. तिकिटाचे पैसे गेले, एक संध्याकाळ गेली, ते सोडा. पण त्या नाटकानं मुलांचं जेवढं बिघडवलं त्याहून जास्त मी आणि माझ्या नवऱ्यानं परतीच्या ऑटोत पंधरा मिनिटांत बिघडवलं. ते मला अजून सलतं. म्हणून आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आम्ही तीन वर्षांपासून तमिळनाडूत कुंभकोणमला आहोत. नवऱ्याची बँकेतली नोकरी; बदली आली, तशी मुलांची दप्तरं आणि भांडीकुंडी उचलून इथं आलो. थोरला आठ वर्षांचा, धाकटी साडेचार. कुंभकोणम म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना देवळं आठवतात, बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव आठवतो, कुणाला गणितज्ञ रामानुजन आठवतात. त्यांचं घर सारंगपाणी देवळाजवळच्या रस्त्यावर अजून जपून ठेवलेलं आहे. पण हे गाव बघावं ते डिसेंबरात. मार्गळी महिना लागलेला असतो. पहाटेच्या अंधारात देवळांच्या कर्ण्यांवरून तिरुप्पावैची पदं ऐकू येतात, बायका दारात मोठमोठे कोलम, म्हणजे रांगोळ्या, काढतात आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. त्याच दिवसांत काही घरांवर कागदाच्या चांदण्या लागतात. इथला कॅथलिक धर्मप्रांत १८९९ सालचा, त्याचं कॅथीड्रल गावातच आहे, त्यामुळे नाताळ या देवळांच्या गावाला मुळीच परका नाही. सांताक्लॉजला इथली मुलं 'क्रिसमस तात्ता' म्हणतात. तात्ता म्हणजे आजोबा, पाट्टी म्हणजे आजी. शेजारच्या घरात आमच्या ओळखीचे एक तात्ता आणि पाट्टी राहतात. हा दुसरा तात्ता त्यांचाच कुणी भाऊ असणार, असा माझ्या धाकटीचा ठाम समज आहे.

डिसेंबरात अर्धवार्षिक परीक्षा संपायच्या सुमारास शाळेच्या फाटकापाशी कुणीतरी रंगीत पत्रकं वाटली. 'सिंड्रेला, ख्रिसमस पँटोमाइम, मुलांसाठी खास.' ठिकाण एक कल्याण मंडपम्, म्हणजे आपलं मंगल कार्यालय. पत्रकावर बर्फ, घोडे, सोन्याचा रथ, सगळं होतं.

पँटोमाइम म्हटलं की आपल्याला तोंडाला पांढरा रंग लावून मुकाट्यानं हातवारे करणारा माणूस आठवतो. इंग्लंडात नाताळात होणारं पँटोमाइम मात्र भलतंच बोलकं असतं. मुलांना तोंडपाठ असलेली गोष्ट, भरपूर गाणी, म्हातारीच्या वेषात एखादा आडदांड पुरुष, आणि खलनायक नायकाच्या पाठीमागून येऊ लागला की 'मागे बघ, मागे बघ' असं ओरडून सांगणारं सगळं प्रेक्षागृह. तिथल्या कितीतरी मुलांची नाटकाशी पहिली ओळख याच खेळातून होते. चेन्नईत आयेशा राव यांनी १९९१ साली सुरू केलेलं 'द लिट्ल थिएटर' नाताळात असा खेळ मनापासून करत आलं आहे. आमच्या गावातल्या खेळाचा त्या संस्थेशी काही संबंध नव्हता, पण 'पँटोमाइम' हा शब्द वाचून मला तेच डोळ्यांसमोर आलं.

खरं सांगायचं तर त्याहीपेक्षा मला आपलं बालनाट्य आठवलं. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत 'लिट्ल थिएटर' ही बालरंगभूमी उभी केली आणि रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. तोवर मुलांचं नाटक म्हणजे बहुतेक वेळा शाळेच्या संमेलनातला एक कार्यक्रम. मोठ्या माणसांनी, नाटकाच्या जाणकारांनी, मुलांना प्रेक्षक मानून पूर्ण ताकदीनं नाटक करायचं, ही रीत तिथून रुजली. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'मध्ये दिलीप प्रभावळकर चिंची चेटकीण व्हायचे. माझ्या आईनं ती पाहिलेली. तिच्या आवाजाची नक्कल आई आम्हाला जेवताना करून दाखवायची आणि आम्ही घास गिळायचे विसरायचो. पुरुषानं केलेली म्हातारी, ओरडून साथ देणारी मुलं: इंग्लंडचं पँटोमाइम आणि दादरच्या शिवाजी मंदिरातली सुट्टीतली सकाळ यांत मला तरी फार अंतर वाटत नाही. आपल्या मुलांना या परमुलखात ते मिळेल, या आशेनं मी चार तिकिटं काढली. बाराशे रुपये.

पुढचे पंधरा दिवस मी मुलांना रोज रात्री सिंड्रेला सांगितली. थोरल्याला त्या गोष्टीत राजपुत्राचं कौतुक नव्हतं, काचेच्या बुटाचंही नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती, भोपळा. शार्ल पेरो नावाच्या फ्रेंच लेखकानं १६९७ मध्ये ही कथा लिहिली तेव्हा त्यानं परीकडून भोपळ्याचा रथ करवला, आणि तेव्हापासून तो रथ जगभरच्या मुलांच्या मनात धावतो आहे. माझ्या मुलाला प्रश्न पडला होता की रंगमंचावर ते भोपळ्याचा रथ करणार कसा? त्यानं स्वतःच तीन युक्त्या काढल्या होत्या. एक, रथावर पिवळं कापड टाकून ठेवायचं आणि दोरीनं ओढून घ्यायचं. दोन, भोपळा मोठ्या खोक्याला चिकटवायचा आणि खोकं फिरवायचं. तिसरी युक्ती दिव्यांची होती, ती मला नीट कळली नाही, पण तिचं चित्र त्यानं वहीत काढून ठेवलं होतं. यातली कुठली युक्ती ते करतात, हे बघायला तो निघाला होता. हे मी तेव्हा ऐकलं, पण त्याचं मोल मला तेव्हा कळलं नाही. आठ वर्षांचा मुलगा नाटक बघायला नाही, नाटक कसं उभं राहतं ते बघायला चालला होता.

आमच्याबरोबर पाट्टी आल्या होत्या, आपल्या नातवाला घेऊन. सभागृहात शिरताच त्या खुर्च्यांकडे गेल्या नाहीत. आधी दारं मोजली. बाजूच्या एका दाराला प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत टेकवून ठेवली होती. पाट्टींनी तिथल्या माणसाला बोलावलं आणि ती चळत हलवून दार उघडेपर्यंत त्या जागेवरून हलल्या नाहीत. बाहेरगावच्या माणसाला हे विचित्र वाटेल. १६ जुलै २००४ या दिवशी या गावातल्या एका शाळेत स्वयंपाकघरातून आग निघाली, झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर तमिळनाडूतल्या शाळांवरची झावळ्यांची छपरं उतरवली गेली. पण गावातल्या पाट्टींच्या पिढीची सवय कायद्यानं लागलेली नाही. मुलं जिथं गोळा होतात तिथं त्यांची नजर आधी दाराकडे जाते. पालकहो, ही एकच गोष्ट मी तुम्हाला हट्टानं करायला सांगेन. नाटक वाईट निघालं तर चालतं. दार बंद असलेलं चालत नाही. तिथं भिडेला, संकोचाला अजिबात जागा देऊ नका, मुलांदेखत वाद घालावा लागला तरी घाला.

खेळ पाऊण तास उशिरा सुरू झाला. आवाज सगळा आधी ध्वनिमुद्रित केलेला, इंग्रजीत, आणि पात्रांचे ओठ त्या आवाजाच्या मागेपुढे हलत होते. सावत्र आईचा संवाद संपल्यावरही तिचं तोंड हलत राहिलं. मधूनच सांता आला, एका सिनेमाच्या गाण्यावर नाचला आणि गेला. दिवे लागणारी शिंगं विकणारा माणूस रांगांतून सतत फिरत होता. परी आली. तिनं कांडी फिरवली. माझ्या मुलानं माझा हात घट्ट धरला आणि तो खुर्चीत पुढे सरकला. दिवे गेले. ध्वनिमुद्रित आवाजानं भराभर काहीतरी सांगितलं. दिवे आले, तर सिंड्रेला राजवाड्यात उभी होती.

"आई, भोपळा?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "थांब, येईल."

तो आला नाही. शेवटचा बुटाचा प्रसंग तर झालाच नाही, तो निवेदकानं चार वाक्यांत सांगून टाकला, कारण सांताबरोबर फोटो काढायची रांग लावायची होती. फोटोचे पैसे वेगळे होते.

धाकटी या सगळ्या वेळात रंगमंचाकडे बघतच नव्हती. ती कडेच्या खुर्चीवर होती, तिथून विंगेतलं दिसत होतं. एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा शिडीवर चढून बसला होता आणि सुपातून कागदाचे बारीक तुकडे पाखडत होता. तो बर्फ होता. पाखडताना त्याची जीभ दातांत धरलेली होती, एवढा तो त्यात गढला होता. थोडा बर्फ आमच्यापर्यंत आला. धाकटीनं तो मूठभर गोळा करून फ्रॉकच्या खिशात ठेवला.

आता ऑटोतलं सांगते.

नवरा चिडलेला होता, आणि चिडणं रास्तच होतं. बाराशे रुपये, पाऊण तास उशीर, धड चाळीस मिनिटांचा खेळ नाही, ही लूट आहे, उद्या यांना विचारतोच, असं त्याचं चाललं होतं. मी नेहमीप्रमाणे सावरायला गेले. "जाऊ दे, थोडं छान होतं की. गाणी होती. सांता बघितला ना आपण?"

थोरला म्हणाला, "भोपळा नव्हता."

मी म्हटलं, "होता रे. अंधारात होता, आपल्याला दिसला नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवून रस्त्याकडे बघायला लागला. एवढ्यात धाकटीनं खिशातून मूठ बाहेर काढली, बापापुढे उघडली आणि म्हणाली, "बाबा, बर्फ."

"कसला बर्फ, वर्तमानपत्राचे कपटे आहेत ते. टाकून दे."

तिनं मूठ ऑटोच्या बाहेर काढून उघडली.

घरी येईपर्यंत दोन्ही मुलं एक शब्द बोलली नाहीत. दमली असतील असं मला वाटलं. रात्री त्यांना पांघरूण घालताना मला हळूहळू उमगत गेलं की आम्ही काय करून बसलो. मुलाचा हिरमोड झाला होता, तो खरा होता, आणि मी त्याला सांगितलं की तुझ्या डोळ्यांनी जे पाहिलं ते खोटं आहे. मुलीला आनंद झाला होता, तोही खरा होता, आणि तिच्या बापानं आपल्या रागात तो रस्त्यावर टाकायला लावला. एकाच ऑटोत, एकाच वेळी, एकाचं दुःख आणि दुसरीचा आनंद, दोन्ही आम्ही हिसकावून घेतले. आणि दोघांचाही हेतू वाईट नव्हता. मुलाला वाईट वाटू नये, एवढंच मला हवं होतं. नवऱ्याला मुलांची फसवणूक झाल्याचा राग होता. दोन्ही प्रेमातूनच आलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्टींच्या दारात कोलम होता आणि त्यात भोपळ्याचं फूल. थोरला त्याच्यापाशी उकिडवा बसून होता. मी जवळ गेले तशी त्यानं वर न बघताच विचारलं, "आई, खरंच होता का अंधारात?"

मी म्हटलं, "नव्हता. त्यांनी तो भाग गाळला. मी तुला खोटं सांगितलं. तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं, पण ते चुकलंच."

तो म्हणाला, "म्हणजे माझं बरोबर होतं."

मला त्याचा चेहरा विसरता येत नाही. नाटक चांगलं होतं म्हणून नाही, आपलं बरोबर होतं म्हणून तो मोकळा झाला होता. आणि मग जे बोलायला लागला ते अर्धा तास थांबला नाही. त्याच्या तक्रारी ऐकताना मी थक्क झाले. उशीर झाला, त्याचं त्याला काहीच नव्हतं. पैशाचं तर नव्हतंच. एक, भोपळा. दोन, उंदरांचा आवाज माणसांसारखा होता. आणि तिसरी तक्रार मी जन्मभर लक्षात ठेवीन. तो म्हणाला, सिंड्रेला काम करताना त्यांनी दाखवलीच नाही, ती फक्त बसून रडत होती, मग आपल्याला तिची दया कशी येणार? हे आठ वर्षांच्या मुलाचं नाट्यपरीक्षण होतं. ऑटोत मी 'छान होतं की' म्हणून ज्याच्यावर झाकण घातलं ते हे होतं. आपण मुलांना चांगलं-वाईट ओळखायला शिकवायचं म्हणतो. पण ती ओळख त्यांना पहिल्यांदा होते ती बहुधा अशाच एखाद्या हिरमोडात, आणि नेमकी तेव्हाच आपण त्यांची समजूत काढायला धावतो.

धाकटीच्या बाबतीत भरपाई अवघड गेली. नवऱ्याला मी रात्रीच सांगितलं होतं. सकाळी त्यानं तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "काल मी तुझा बर्फ टाकायला लावला, माझं चुकलं. तो कसा पडत होता, सांगशील?" ती काही सांगेना. लहान मुलं 'चुकलं' एवढ्या शब्दावर लगेच विरघळत नाहीत, आणि विरघळावीत अशी आपली अपेक्षाही नसावी. दुपारपर्यंत ती गप्प होती. मग आपणहून वर्तमानपत्र घेऊन आली आणि फाडायला बसली. बापही बसला. तुकडे फार मोठे होताहेत म्हणून तिनं त्याला दोनदा पुन्हा फाडायला लावलं. मग तिला सूप हवं झालं. शिडीवरच्या अण्णानं सुपातूनच पाखडला होता, हातानं उडवलेला बर्फ चालणार नाही, यावर ती अडून बसली. पाट्टींकडून त्यांचं 'मुरम्' मागून आणलं. खुर्चीवर चढून तिनं बर्फ पाडला, जीभ दातांत धरून.

त्या खेळातली जी एकमेव गोष्ट मनापासून केलेली होती, ती तिनं बरोबर हेरली होती. शिडीवरचा तो मुलगा. आम्हा दोघांना तो दिसूनही दिसला नव्हता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात असाच प्रकार झाला होता, तुम्ही कदाचित वाचलं असेल. चॉकलेटच्या जादूई कारखान्याची सफर म्हणून संगणकानं बनवलेली झगमगीत चित्रं दाखवून ३५ पौंडांपर्यंतची तिकिटं विकली गेली. प्रत्यक्षात एका जवळजवळ रिकाम्या गोदामात थोडी सजावट, मुलांच्या हातावर दोन-चार गोळ्या आणि पेल्यात थोडं सरबत. पालक भडकले, पोलिसांना बोलवावं लागलं, पहिल्याच दिवशी सगळं बंद झालं. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. मी त्या वेळी त्या वाचून चुकचुकले होते. आता आठवून पाहते, तर माझ्या लक्षात राहिला आहे तो सगळा पालकांचा संताप. तिथून घरी जाताना मुलांशी कोण काय बोललं असेल, याचा विचारही तेव्हा माझ्या मनात आला नव्हता.

राग करू नका असं मी म्हणत नाही. फसवणूक झाली असेल तर तक्रार जरूर करा. आम्ही आयोजकांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दाद मागता येते, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण ते मोठ्यांचं काम आहे आणि ते मोठ्यांनी मुलं झोपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी करावं. मुलांच्या डोक्यावरून पैशाचा हिशेब सुरू झाला की मूल लगेच शिकतं: बाबांचे पैसे वाया गेले, मला यातलं काही आवडलं असेल तर ते आता बोलायचं नाही. पुढे कधीतरी ते आपणहून विचारतं, 'तिकीट महाग आहे का? मग नको.' हे ऐकून आपल्याला मूल समजूतदार झाल्याचा आनंद होतो. मला त्याची भीती वाटते.

दुसरी एक वाट असते आणि माझ्यासारख्या परगावी राहणाऱ्या आईला ती फार मोहात पाडते. 'हे असलं इंग्रजी थेर बघायला नेलंच कशाला, आपलं काहीतरी दाखवायला हवं होतं,' असं म्हणायची. आपलं इथं पुष्कळ आहे. तंजावरच्या मराठी राजांनी इथं मराठीत नाटकं लिहिली आहेत. शहाजीराजे, १६८४ ते १७१२ राज्य केलेले, स्वतः नाटककार होते. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट. तमिळनाडूच्या दक्षिणेकडे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, तोल्पावैकूत्तू, करणारी जी कुटुंबं आहेत ती घरात अजून मराठीची एक बोली बोलतात. आणि खुद्द कुंभकोणम तर बोम्मलाट्टम्चं, म्हणजे लाकडी बाहुल्यांच्या खेळाचं, गाव. मणी अय्यरांची श्री मुरुगन संगीत बोम्मलाट्ट सभा इथलीच, पुढे टी. एन. शंकरनाथन यांनी ती चालवली.

म्हणून मार्चमध्ये एका देवळाच्या उत्सवात आम्ही मुलांना बोम्मलाट्टम् बघायला नेलं. या लाकडी बाहुल्या साडेचार फुटांपर्यंत उंच आणि दहा किलोच्या आसपास वजनाच्या असतात. दोऱ्या एका लोखंडी कड्याला बांधतात आणि ते कडं खेळ करणारा माणूस मुकुटासारखं डोक्यावर घालतो. हात सळ्यांनी हलवायचे, बाकी अंग डोक्यानं. लाकूड कल्याण मुरुंगैचं, म्हणजे आपला पांगारा, हलका आणि कोरायला सोपा. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्याची करत आले तेच झाड. हे कळलं तेव्हा मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

तुम्हाला वाटेल, आता मी सांगणार की मुलं हरखून गेली. तसं झालं नाही. धाकटी विनायकाची पूजा संपायच्या आत झोपली. थोरल्याला कोमाळी, म्हणजे विदूषक, फार आवडला, पण वल्लीच्या लग्नाची कथा त्याला लांबल्यासारखी वाटली आणि जुनी तमिळ कळली नाही. घरी येताना आम्ही दोघं ठरवून गप्प बसलो होतो. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "हेपण लांबलं." मी म्हटलं, "हो, मलाही मध्ये लांबल्यासारखं वाटलं." ती परंपरा आहे, तिचा मान ठेवावा, वगैरे माझ्या तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं. थोडं थांबून तो पुढे बोलला. खेळ संपल्यावर तिथल्या एका कलावंतानं त्याला बाहुली उचलायला दिली होती आणि ती त्याला दोन्ही हातांनीही पेलली नव्हती. "आई, तो मामा दोन तास ते डोक्यावर घेऊन नाचत होता," तो म्हणाला. मग कितीतरी वेळ तो मानेला हात लावून बसला होता.

माझ्या वडिलांची एक आठवण सांगते. मी सहा-सात वर्षांची असेन. मे महिन्याच्या सुट्टीत दादरला एक बालनाट्य बघायला त्यांनी मला नेलं होतं. भर प्रसंगात राक्षसाचं एक शिंग गळून पडलं. सगळं प्रेक्षागृह हसलं आणि मला रडू आलं, कारण ज्याला मी इतकी घाबरले होते तो राक्षस आता उरलाच नव्हता. वडील काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर बसच्या रांगेत उभे राहिले, बसमध्ये मला खिडकी दिली, आणि गप्प बसले. परळ येईपर्यंत मी रडत होते. परळ गेल्यावर मी त्यांना सांगितलं की त्या माणसानं शिंग उचलून हातात धरायला हवं होतं आणि त्यानंच मारायला धावायला हवं होतं. वडील म्हणाले, "मग काय झालं असतं?" आणि लालबागपर्यंत मी त्यांना ते सगळं नाटक नव्यानं सांगितलं. ते नाटक कुठलं, कुणाचं, मला आज काही आठवत नाही. बसमधलं सगळं आठवतं.

डिसेंबर जवळ येतो आहे. तुमच्याही गावात सांता येईल, जादूगार येईल, जत्रा भरेल, नाटकाच्या पाट्या लागतील. मुलांना न्या. फसेल या भीतीनं थांबू नका, बरंचसं फसतं. आत गेल्यावर दारं मोजा. आणि परतताना, ऑटोत बसा, बसमध्ये बसा, स्कूटरवर पुढे-मागे बसा, पहिलं वाक्य त्यांना बोलू द्या. पाच मिनिटं लागतील, कधी पंधरा लागतील. एवढं थांबा.